नौकुचियातालच्या तीन सकाळी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारे आपले पाच जणांचे कुटुंब, म्हणजे आपण उभयता, १२ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या मातोश्री, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या पहाडी तळ्यावर जाऊ इच्छिते. नुसते होडीत बसून फिरण्यापेक्षा सगळ्यांनी स्वतः वल्हवावे अशी आपली इच्छा आहे, पण नैनीताल, टिहरी की थेट पँगाँग, हे ठरत नाही. शिवाय हवा भरून फुगवायची एक कयाक, म्हणजे हाताने वल्हवायची छोटी, हलकी होडी, विकत घेऊन बरोबर न्यावी काय, असेही आपण विचारले आहे.

मी ग्वाल्हेरचाच आहे, गेली वीसेक वर्षे वल्हवतो आहे, आणि बहुतेक उन्हाळ्यांत ओळखीच्या एक-दोन कुटुंबांना उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या तळ्यांवर घेऊन जातो. म्हणून निष्कर्ष आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. आपण नैनीतालजवळच्या नौकुचियाताल या तळ्यावर जावे, चार रात्री एकाच ठिकाणी आणि शक्य तितके पाण्याला लागून राहावे, आणि पाण्यावर फक्त सकाळी उतरावे. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तळे कोणते, हॉटेल कुठे, गाडी कोणती आणि वार कोणता, हे सगळे मी त्या एका अटीवरूनच ठरवतो.

त्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा. आपण हॉटेलला फोन करून ‘पॅडलिंगची सोय आहे का’ असे विचारले आणि होकार मिळाला, असे लिहिले आहे. तो होकार बहुधा पायाने चालवायच्या, बदकाच्या आकाराच्या बोटीसाठी असेल. तिकडे तिला ‘पैडल बोट’ म्हणतात, आणि उच्चारावरून कोणालाच फरक कळत नाही. आपल्याला हाताने वल्हवायची कयाक हवी असेल तर ‘कयाक’ हाच शब्द वापरावा, त्यातही ‘दोन माणसांची, वर बसायची’ (म्हणजे पाय आत न घालता होडीच्या वर बसायची) असे स्पष्ट सांगावे आणि तिचे छायाचित्र मागवून घ्यावे. एका कुटुंबाने केवळ या एका शब्दापायी तीन दिवस बदकात बसून पायडल मारले आहे. मुले खूश होती, पण वडील अजून कुरकुरतात.

आता तळ्यांची निवड. पँगाँगचा विचार आपण या वर्षी सोडून द्यावा. ते तळे ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. त्याआधी साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये दोन दिवस निव्वळ शरीराला सवय व्हावी म्हणून पडून राहावे लागते, आणि ६८ वर्षांच्या बाई व ७ वर्षांचे मूल यांना तिथवर नेणे ही वल्हवण्याची सहल राहत नाही. टिहरीचा मोह मला समजतो, कारण तिथला जलाशय भव्य आहे आणि जलक्रीडांची व्यवस्थाही आहे. परंतु तो २६०.५ मीटर उंचीच्या धरणामागचा साठा आहे. तो पूर्ण भरतो तेव्हा पाणी ८३० मीटरच्या पातळीवर असते आणि पावसाळ्यापूर्वी ते ७४० मीटरपर्यंत खाली नेता येते. म्हणजे आपण मेअखेरीस जाल तेव्हा पाणी खूप खाली गेलेले असेल आणि काठाला हिरवळीऐवजी उघडी पडलेली, सरळ उतरती माती असेल. मुलांना गुडघाभर पाण्यात उभे राहून होडी धरता येईल असा काठ मला हवा असतो, आणि धरणाच्या साठ्यावर तो उन्हाळ्यात क्वचितच मिळतो.

नैनीताल सुंदर आहे यात वाद नाही. १,९३८ मीटर उंची, तिन्ही बाजूंनी डोंगर आणि वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या होड्या, हे दृश्य एकदा पाहण्यासारखेच आहे. पण मे-जूनमध्ये तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, वाहनतळ भरले की गाड्या शहराबाहेरच थांबवतात, आणि तळ्यावर होड्यांची एवढी दाटी असते की नवशिक्याला सरळ रेषेत पन्नास हात वल्हवणे कठीण जाते. नैनीताल एका संध्याकाळी पाहून यावे, तिथे राहू नये. त्याच्या खाली भवाली गावाच्या पलीकडे असलेली भीमताल, सातताल आणि नौकुचियाताल ही तिन्ही तळी उंचीने कमी, सुमारे १,२०० ते १,४०० मीटरवर आहेत, त्यामुळे दुपारी थोडे गरम होते, पण रात्री चादर लागते. ग्वाल्हेरच्या ४५ अंशांतून गेलेल्या माणसाला तेवढे पुरेसे असते. साततालचे जंगल या सगळ्यांत मला अधिक आवडते. बांज (ओक) आणि चीड (पाइन) या झाडांच्या दाट सावलीत ती तळी लपलेली आहेत. मात्र मातोश्रींच्या दृष्टीने तिथे मुक्कामाच्या सोयी तुटक आहेत. भीमताल दीड किलोमीटरहून थोडे अधिक लांब आहे आणि बाजार जवळ असल्याने सोयीचे आहे, परंतु १८८३ मध्ये बांधलेल्या बंधाऱ्यातून खालच्या शेतीसाठी पाणी सोडतात, म्हणून जूनकडे त्याची पातळी उतरते. नौकुचियाताल भीमतालपासून चार-पाच किलोमीटर पुढे, रस्त्याच्या शेवटाकडे आहे, जेमतेम एक किलोमीटर लांब आहे, आणि त्याचा काठ इतका वळणावळणाचा आहे की लहान मुलांना प्रत्येक वळणामागे काहीतरी नवे सापडते. कयाक तिन्हीकडे भाड्याने मिळतात.

सकाळचा आग्रह मी का धरतो, ते आता सांगतो. डोंगरांतल्या तळ्यावरचा वारा घड्याळ लावल्यासारखा वागतो. सूर्य वर आला की उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन वर सरकते आणि तिची जागा घ्यायला खालच्या दरीतली हवा वर ओढली जाते. दहा-अकराच्या सुमारास पाण्यावर पहिली सुरकुती दिसते, दोन ते चारच्या दरम्यान वारा भरात असतो आणि सूर्यास्ताकडे तो पडतो. नैनीतालला शिडाच्या होड्या चालतात त्या याच वाऱ्यावर. सपाट बुडाची हलकी कयाक मात्र या वाऱ्यात पानासारखी वाहत जाते, आणि वल्हवणारा नवखा असेल तर तिचे नाक वाऱ्याकडे वळवणेसुद्धा त्याला जमत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी भीमतालला जेवण झाल्यावर, दीडच्या सुमारास, मी माझ्या ९ वर्षांच्या भाच्याला घेऊन ‘एकच फेरी’ म्हणून निघालो. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे मला वाटले की मी फार छान वल्हवतो आहे. तळ्याच्या टोकाला पोहोचून वळलो आणि पाच मिनिटांत कळले की आपण जागच्या जागी आहोत. वीस मिनिटे जीव तोडून वल्हवल्यावर किनाऱ्यावरचा तोच पांढरा दगड माझ्या उजव्या हाताला होता. शेवटी आम्ही आडवे काठाला लागलो, होडी एका झाडाला बांधली आणि रस्त्याने चालत परत आलो. भाच्याला तो चालण्याचा भागच आठवतो, कारण वाटेत त्याला भुट्टा मिळाला. तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पहिला असा की मुलांसह पाण्यावर सकाळी सहा ते साडेनऊ एवढाच वेळ, आणि दुसरा असा की निघताना वारा असो वा नसो, आधी वारा ज्या दिशेने येतो तिकडे जायचे, म्हणजे दमलेल्या हातांनी परतताना तो पाठीशी असतो.

सकाळी सहाला पाण्यावर असायचे तर मुक्काम तळ्यावरच हवा, हे ओघानेच आले. नैनीतालला राहून रोज टॅक्सीने खाली येणारी कुटुंबे नऊ वाजता पोहोचतात, नाश्ता करतात आणि वारा सुटायच्या वेळेला होडीत बसतात. त्याचप्रमाणे कयाकवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवावे, कारण उन्हाळ्यातसुद्धा ते आपणहून आठच्या आधी येत नाहीत. मी नेहमी पुढच्या तिन्ही सकाळींचे ठरवून थोडे पैसे आगाऊ देतो, म्हणजे तो माणूस चहाचा कप हातात घेऊन का होईना, पण पावणेसहाला येतो.

तारखांविषयी माझे मत असे की आपण रविवारी निघून शुक्रवारी परतावे. शनिवार-रविवार दिल्लीची गर्दी वर येते आणि पहाडाच्या पायथ्याच्या काठगोदामपासून भवालीपर्यंतचा रस्ता तुंबतो. आपण मेअखेर म्हणता ते योग्यच आहे. काही कारणाने सहल जूनमध्ये ढकलावी लागली तर १५ जूनच्या आसपासचे दिवस टाळावेत, कारण त्या दिवशी भवालीजवळच्या कैंची धामचा वार्षिक उत्सव असतो आणि सगळा परिसर गाड्यांनी भरून जातो. त्यानंतर लवकरच पावसाळाही येऊन ठेपतो. मे महिन्याचा एक धोका मात्र लक्षात ठेवावा, तो म्हणजे चिडाच्या जंगलांतले वणवे. एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालच्या आसपास एवढी आग लागली होती की वायुसेनेचे एमआय-१७ हेलिकॉप्टर भीमतालमधून पाणी उचलून नेत होते. अशा वेळी होड्या थांबतात, आणि धुराने दम्याच्या माणसाचे हाल होतात. मातोश्रींना किंवा मुलांना तसा त्रास असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधी हॉटेलला फोन करून धुराची विचारणा करावी.

रेल्वेने जायचे तर ग्वाल्हेरहून दुपारच्या आत निघून संध्याकाळी दिल्ली गाठावी आणि रात्रीच्या राणीखेत एक्सप्रेसने पहाटे काठगोदामला उतरावे. ही गाडी जुन्या दिल्ली स्थानकावरून जाते, तर ग्वाल्हेरहून येणाऱ्या बऱ्याच गाड्या नवी दिल्ली किंवा निजामुद्दीनला थांबतात, तेव्हा मधे तीन तास तरी हाताशी ठेवावेत. आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी उघडते आणि उन्हाळ्यात या गाडीची शयनयानाची तिकिटे लवकर संपतात. स्वतःच्या गाडीने आग्रा, बरेली आणि हल्द्वानीमार्गे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. एका दिवसात जाता येते, पण मी ७ वर्षांच्या मुलासह ते एका दिवसात करणार नाही. काठगोदामपासून वर बावीसेक किलोमीटर भीमतालपर्यंत घाट आहे. पोट भरून पोहे-जलेबी खाल्लेले मूल तिसऱ्या वळणाला उलटी करते, म्हणून खाली फक्त चहा-बिस्किट द्यावे आणि नाश्ता वर पोहोचून करावा.

सोमवारी पोहोचल्यावर त्या दिवशी पाण्यात उतरू नये. मुलांची रात्रीची झोप अर्धवट झालेली असते, आपलीही झालेली असते, आणि पोहोचेपर्यंत सकाळ निघून गेलेली असते. तो दिवस काठाने हिंडून घालवावा, होडीवाल्यांशी ओळख करावी, जॅकेटे पाहून ठेवावीत. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार या तीन सकाळी आपल्या. यातली एखादी पावसाने किंवा कुणाच्या पोटदुखीने जाणारच, हे धरूनच मी तीन म्हणतो.

आता खरी तयारी, आणि ती इथे ग्वाल्हेरातच होते. आपल्याकडे पाण्याची ओळख करून घ्यायला नैसर्गिक जागा फारशी चांगली नाही. तिघरा हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, तिथे होडी उलटवून सराव करणे योग्य नव्हे. शिंद्यांचा दरबार उन्हाळ्यात ज्या शिवपुरीला जात असे तिथला सख्यासागर रमणीय आहे, पण तो मगरींसाठी प्रसिद्ध आहे, आणि चंबळेविषयी तर बोलायलाच नको. म्हणून सराव तरणतलावात करावा. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आपल्याच शहरात आहे, आणि शहरात इतरत्रही उन्हाळ्यात पोहण्याचे वर्ग चालतात. मार्चअखेर मुलांची नावे घालावीत आणि आपण दोघांनीही त्याच वेळी पाण्यात उतरावे. मुलगा दोन महिन्यांत उत्तम पोहू लागेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही. माझी अपेक्षा एवढीच असते की नाकातोंडात पाणी गेल्यावर त्याने घाबरून कोणाच्या गळ्याला मिठी मारू नये, तर पाठीवर पडून आकाशाकडे पाहावे. हे एकदा अंगवळणी पडले की निम्मे काम झाले.

जॅकेटावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण लोक इथेच चुकतात. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. ते काही पहाडातले खोल तळे नव्हते, शहराच्या मध्यातला तलाव होता. तेव्हा पाणी शांत दिसते म्हणून जॅकेट काढून ठेवणे, फोटोसाठी पट्टे सैल करणे, आजीला उकडते म्हणून तिला सूट देणे, यांपैकी काहीही मी माझ्याबरोबरच्या कुणालाही करू देत नाही.

जॅकेटांत दोन जाती असतात. एक असते पोहता येणाऱ्याला पाण्यावर तरंगायला मदत करणारे, ज्यावर ५० न्यूटन (पाण्यात वर उचलून धरणाऱ्या जोराचे माप) लिहिलेले असते. कयाक चालवणारे लोक हात मोकळे राहतात म्हणून ते पसंत करतात. दुसरे १०० न्यूटनचे असते. त्याला मानेमागे कॉलर असते, आणि माणूस अर्धवट शुद्धीत असला तरी त्याचा चेहरा वर राहावा अशी त्याची रचना असते. न पोहणाऱ्या मुलासाठी आणि मातोश्रींसाठी हे दुसरेच हवे. मुलाच्या जॅकेटाला दोन पायांमधून येणारा पट्टा असला पाहिजे, आणि आतल्या चिठ्ठीवर लिहिलेला वजनाचा पल्ला त्याच्या वजनाशी जुळला पाहिजे. हा मधला पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर राहते आणि मूल खालून निसटते.

काठावर जॅकेट तपासण्याची रीत सोपी आहे. सगळे पट्टे आवळल्यावर मुलाला दोन्ही हात डोक्यावर धरायला सांगावे, त्याच्या मागे उभे राहावे, जॅकेटाचे दोन्ही खांदे पकडून सरळ वर ओढावे. ते हनुवटीपाशी अडले तर ठीक, कानांपर्यंत गेले तर ते मोठे आहे. माझ्याबरोबरच्या एका सात वर्षांच्या मुलाला घाटावर जे जॅकेट दिले होते, ते मी असे ओढले तेव्हा त्याचा चेहरा पूर्ण आत गेला आणि वर फक्त शेंडीचे केस राहिले. तो आत खिदळत होता, त्याची आई हसत होती, आणि होडीवाला म्हणाला, ‘साहब, सब बच्चे यही पहनते हैं.’ सगळी मुले तेच घालतात हे खरेच आहे. आम्ही त्या दिवशी त्या मुलाला पाण्यावर नेले नाही. तेव्हापासून मी मुलांची जॅकेटे घरूनच नेतो. भाड्याच्या जॅकेटांत मोठ्यांसाठी निवड करताना आतला फोम चिमटीत दाबून पाहावा. दाबलेली जागा लगेच फुगून वर आली नाही तर तो फोम मेलेला आहे. एखादे बक्कल तुटून त्याजागी गाठ मारलेली असेल तर ते जॅकेट परत द्यावे, आणि प्रत्येकाच्या जॅकेटाला एक शिटी अडकवावी.

होडीवाल्याकडे परवाना आणि प्रशिक्षण आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. नैनीतालला होड्यांना नगरपालिकेचा परवाना लागतो. आपल्या ग्वाल्हेरला पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची जी केंद्रीय संस्था आहे, तिच्याच अखत्यारीतले गोव्याचे राष्ट्रीय जलक्रीडा संस्थान होडीचालकांना आणि जीवरक्षकांना प्रशिक्षण देते, हे पुष्कळ ग्वाल्हेरकरांना ठाऊक नसते. तिथले प्रमाणपत्र दाखवणारा माणूस भेटला तर मी दहा पावले जास्त चालून त्याच्याकडे जातो.

पहिल्या सकाळी आपण दोघांनी एकाच वेळी पाण्यावर जाऊ नये. आधी आपण मुलीला घेऊन जावे आणि मुलांच्या आईने मुलासह काठावर थांबावे, मग अदलाबदल करावी. दोघेही पाण्यावर आणि दोन्ही मुले आजीच्या भरवशावर काठावर, ही व्यवस्था आजीवर अन्याय करणारी आहे. दोन जणांच्या कयाकमध्ये जड आणि ताकदवान माणूस मागे बसतो, कारण होडी मागूनच वळते. पुढे बसणारा लय धरतो आणि मागच्याने त्याच्या लयीत वल्हे टाकायचे असते. इथे बापाचा अहंकार आडवा येतो, पण पुढे बसलेल्या मुलीला मागचे दिसत नाही, तेव्हा जुळवून घेणे मागच्याकडेच येते. वल्हे दोन्ही हातांनी डोक्यावर आडवे धरले असता कोपरांत काटकोन व्हावा, एवढ्या अंतरावर पकडावे. पाते पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालावे आणि कमरेपाशी काढून घ्यावे. हातांनी ओढण्याऐवजी कंबरेतून वळावे. हातांनी वल्हवणारा माणूस दहा मिनिटांत खांदे धरून बसतो. काठापासून तीस-चाळीस मीटरच्या आत राहावे, आणि पहिल्या दिवशी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त नको. पूर्ण तळ्याची फेरी तिसऱ्या सकाळी आपोआप होते.

होडी उलटली तर काय, हे मुलांना काठाजवळ छातीभर पाण्यात, मजेने, मुद्दाम उलटवून दाखवावे. होडी सोडायची नाही, वल्हे गेले तर जाऊ द्यायचे, शिटी वाजवायची. वर बसायची कयाक बुडत नाही. ती सुलटी करून कडेने पोटावर सरपटत चढता येते, आणि मुलांना हा भाग सर्वांत आवडतो. कुणी दूर पडले तर काठावरच्याने पाण्यात उडी न मारता दोर फेकावा. दहा-बारा मीटरचा तरंगणारा दोर मी नेहमी बाळगतो. याच वेळी मुलांना थंड पाण्याची ओळखही होते. उन्हाळ्यात या तळ्यांचा फक्त वरचा थर तापतो. कोमट पाणी हलके असल्याने वरच राहते आणि काही हात खाली एकदम गार थर लागतो. नैनीतालच्या तळ्यात हे थर उन्हाळाभर एकमेकांत मिसळत नाहीत आणि तळाशी प्राणवायू उरत नाही, म्हणून तिथे २००७ पासून यंत्रांनी खाली हवा सोडतात. हाताने पाणी कोमट लागले म्हणून निश्चिंत असलेल्या माणसाचे पाय त्या गार थरात गेले की श्वास अडकतो, आणि त्या पहिल्या मिनिटात काही न करता फक्त जॅकेटावर तरंगत श्वास सावरणे हाच उपाय असतो.

वळवाच्या पावसात ढग डोंगरामागून येतात, त्यामुळे तळ्यावरून ते उशिरा दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप मोबाइलवर ठेवावे, ते आसपासच्या विजांची सूचना देते. परंतु अ‍ॅप काहीही म्हणो, गडगडाट कानावर पडला की त्या क्षणी काठाकडे वळावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नये. मोठी रुग्णालये खाली हल्द्वानीत आहेत, तेव्हा लहानसहान औषधे बरोबर असावीत.

कपड्यांत सुती टाळावे, जीन्स तर नकोच, कारण भिजल्यावर ती वाळत नाही आणि अंग गारठते. चष्म्याला दोरी, पायांत मागून पट्टा असलेली चप्पल आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी पुरे. सकाळी चहाबरोबर खायला घरच्या दशम्या न्याव्यात, कारण सहा वाजता तिथे कुठलाही स्वयंपाकी उठलेला नसतो.

मातोश्रींना कयाकमध्ये बसवू नये. ती पाण्याच्या अगदी लगत असते, तिच्यात पाय लांब करून बसावे लागते, आणि बसण्यापेक्षा उठणे गुडघ्यांना फार जड जाते. त्यांच्यासाठी फळीची बैठक असलेली, वल्ह्यांची रुंद होडी नाववाल्यासह घ्यावी, आणि वाटल्यास काठाजवळच्या शांत पाण्यात त्यांच्या हातात एक वल्हे द्यावे. साडी असेल तर पदर जॅकेटाच्या आत खोचून मग पट्टे आवळावेत. नऊवारी नेसणाऱ्या एक आजी आमच्याबरोबर होत्या, त्यांची कधीच अडचण झाली नाही. खरी अडचण होते ती पाचवारीच्या निऱ्यांची. चढताना एका वेळी एकच गोष्ट हलवावी: दोन्ही हातांनी होडी धरलेली असताना एक पाय, मग दुसरा, आणि लगेच बसावे. या तळ्याचे नऊही कोपरे एकाच वेळी ज्याला दिसतील त्याला मोक्ष मिळतो अशी तिकडे समजूत आहे. मातोश्रींना ती सांगितली तर त्या मोजत बसतील आणि होडीत उठून उभ्या राहणार नाहीत. मला आजवर सातच्या वर मोजता आलेले नाहीत.

राहिला आपल्या फुगवायच्या कयाकचा प्रश्न. ती या वर्षी नेऊ नये. होड्या तिथल्या लोकांच्या पोटापाण्याचा विषय आहेत, खासगी होडी पाण्यात उतरवायला परवानगी मागावी लागते, आणि आपल्या तीनांतली एक सकाळ त्या विचारपूशीतच जाईल. शिवाय हवेची होडी वाऱ्याला साध्या कयाकपेक्षाही लवकर शरण जाते, आणि परतताना ती नीट न वाळवता घडी केली तर महिन्याभरात तिला बुरशीचा वास येतो. त्याच पैशांतून आधी मुलांची दोन चांगली जॅकेटे घ्यावीत, ती एप्रिलमध्ये तरणतलावात नेऊन पट्टे नेमके किती आवळायचे ते ठरवावे, आणि त्या जागी मार्कर पेनने खूण करून ठेवावी.